मागच्या रांगेचा निकाल

कोल्हापूरहून निघालेली महाराष्ट्र एक्स्प्रेस अख्खं राज्य आडवं कापत जिथे येऊन थांबते, ते गोंदिया. रूळ तिथून पुढेही जातात, पण महाराष्ट्र फारसा उरत नाही. मराठी टीव्हीवरच्या विनोदाचा प्रवास साधारण याच मार्गानं होतो. मुंबईत लिहिलेला, मुंबईतच चित्रित झालेला प्रसंग गोंदियाच्या ओसरीत पोहोचेपर्यंत निम्मं हसू मधल्या स्टेशनांवर उतरून गेलेलं असतं. तरी काही मालिका भरलेल्या डब्यानिशी पोहोचतात. त्या कशाच्या जोरावर, हे इथल्या प्रेक्षकाला विचारावं. कारण तो परीक्षक म्हणून जरा अवघड आहे.

त्याचं शिक्षण टीव्हीसमोर झालेलं नाही, मंडपात झालेलं आहे. गोंदिया-बल्लारशा मार्गावर अर्जुनी मागे पडली की वडसा येतं, झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. दिवाळी आटोपली, धानाचे पुंजणे रचून झाले, की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो थेट होळीपर्यंत. जेवून बसलेला माणूस उजाडायच्या सुमारास उठतो. नाटक कितीही रडकं असो, बहिणीचा संसार मोडो की बापाचं शेत सावकाराच्या घशात जावो, त्यात विनोदी पात्र लागतंच. २०२३ साली पद्मश्री मिळालेले गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना लोक झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणतात, यावरून इथे हसवणाऱ्याची पत काय आहे ते कळावं.

या मंडपात पुढे खुर्च्या आणि मागे जमीन. मागच्या रांगेला नटाचा चेहरा दिसत नाही. दिसतो तो शर्टाचा रंग, आणि ऐकू येतो आवाज. त्यात झाडीपट्टीत तालमी थोड्या आणि प्रॉम्प्टर मोठा. तो वाक्य सांगतो, नट ते उचलतो. त्यामुळे विनोदाचं वाक्य कधी कधी दोनदा कानावर पडतं, आधी प्रॉम्प्टरच्या तोंडून, मग नटाच्या. हशा मात्र दुसऱ्यांदाच पिकतो. वाक्य तेच, शब्द तेच. पण पहिल्यांदा ते कोणाचंच नव्हतं, दुसऱ्यांदा ते त्या पात्राचं झालं. विनोदी मालिका चांगली कशानं होते यावर मुंबईत कार्यशाळा भरतात. गोंदियात हे बारक्या पोरालाही मंडपात झोप लागण्याआधी कळलेलं असतं.

घरातली मागची रांग म्हणजे स्वयंपाकघर. टीव्ही ओसरीत, बाई गॅसपाशी, पाठ पडद्याकडे. भात पसवायचा, पेज बाजूला काढायची, वरणाला फोडणी द्यायची, आणि मालिका चुकवायची नाही. तिला कोणी काय नेसलंय ते दिसत नाही, फक्त आवाज येतात. एका वाक्यावरून 'हे आबा बोलले' किंवा 'ही सून बोलली' असं ती सांगू शकली, तर मालिका पास. चौघांची वाक्यं आपसांत बदलली तरी काही बिघडणार नसेल, तर ती फोडणीकडे लक्ष देते. आणि ओसरीत खसखस पिकल्यावर आतून "काहून जी, का झालं?" असा प्रश्न आला, तर समजावं, कोणीतरी केळीच्या सालावरून घसरलं.

ही कसोटी दिसते तितकी गावरान नाही. घरगुती विनोदी मालिकांची आद्य देवता मानली जाणारी अमेरिकन 'आय लव्ह लूसी' १९५१ साली सुरू झाली, ती ल्यूसिल बॉलच्या 'माय फेवरेट हजबंड' या रेडिओ मालिकेच्या पायावर. लेखकही तिथलेच आले. रेडिओवर तोंड वाकडं करून हशा मिळत नाही. पुढे पडद्यावर लूसीनं तोंडं वेडीवाकडी केलीच, पण तोवर ही बाई कोण आहे ते लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक झालं होतं.

मराठीत हा पाया कागदाचा. चिं. वि. जोशींच्या कथांतून आलेल्या चिमणराव-गुंड्याभाऊंनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शन गाजवलं. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. गोंदियाला त्याचा पत्ता नव्हता. मुंबईचं प्रक्षेपण इथवर यायचं नाही, म्हणून इथले चिमणराव पुस्तकातच राहिले आणि म्हातारे व्हायचे वाचले. २००१ साली अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आली. प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी'वरून, केदार शिंदेंच्या दिग्दर्शनात. आबा, मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडं शलाका आणि शिऱ्या. आपण विनोदी नाही, असं या पाचही जणांचं प्रामाणिक मत आहे. घरातल्या क्षुल्लक गोष्टीला ते राष्ट्रीय महत्त्व देतात आणि आबा ती डायरीत टिपून ठेवतात. गोंदियात मुंबईसारखी लोकल धावत नाही, तरी या घराला इथे व्हिसा लागला नाही. शिऱ्यासारखा पोरगा आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावात आहे, आमगावात आहे, आणि सालेकशात तर दोन-दोन घरं सोडून आहे.

नियमाला अपवाद काढणारे निघतातच. १९८४ च्या 'ये जो है जिंदगी'त सतीश शाह दर भागात नवा माणूस बनून यायचे, मग पात्राची ओळख कुठे राहिली? राहिली ती बाकीच्यांची. शफी इनामदार, स्वरूप संपत आणि राकेश बेदी यांचं घर जागचं हलत नव्हतं, म्हणून आठवड्याचा पाहुणा पचायचा. आणि सतीश शाहांचा आवाज पडद्याकडे पाठ करूनही ओळखू यायचा, हे स्वयंपाकघरानं तेव्हाच जाहीर केलं होतं.

त्यांचीच २००४ ची 'साराभाई वर्सेस साराभाई' सुरुवातीला फारशी चालली नाही. डोक्यावर घेतली गेली ती नंतर. कफ परेडच्या मायाला सून मोनिशाचं सगळंच मध्यमवर्गीय वाटतं. गोंदियाच्या हिशेबानं मोनिशाही चांगलीच श्रीमंत आहे, ती गोष्ट वेगळी. पण आवाज तसूभरही न चढवता सुनेला सोलून काढणारी सासू ओळखायला कफ परेड पाहिलेलं असावं लागत नाही.

याउलट पुरुषाला साडी नेसवली की काम झालं, असा जो समज स्किटच्या कार्यक्रमांत पसरला आहे, त्यानं इथे कोणाची भुवईही वर जात नाही. झाडीपट्टीच्या दंडार या लोकनाट्यात बायकांची कामं पुरुषच करत आले. साडी ही इथे सुरुवात आहे. पुढे काय, ते बोला. तीच गत बोलीची. भारत गणेशपुरेंनी 'चला हवा येऊ द्या'तून वऱ्हाडी बोली घरोघरी नेली, छान केलं, ते मूळचे अमरावतीकडचेच. पण मग टीव्हीवाल्यांनी विदर्भ तिथेच संपवला. नागपूर ओलांडून आणखी सव्वाशे किलोमीटरवर झाडीबोली आणि पोवारी बोलणारी माणसंही टीव्ही बघतात, ही बातमी अजून निघालेली दिसत नाही.

ओळख पटली की पुढची गरज सुटका न होण्याची. माणसांना एकमेकांना सोडून जाता आलं तर विनोद संपला. 'पंचायत'मधला सचिव फुलेऱ्यातून पळायला बघतो आणि नोकरी त्याला जाऊ देत नाही; त्यातल्या चाकांच्या खुर्चीवरून उठलेलं वादळ पाहून इथले ग्रामसेवक हसले नाहीत, त्यांनी मान डोलावली. इंग्रजांची 'फॉल्टी टॉवर्स' एका हॉटेलात कोंडलेली, १९७५ आणि १९७९ मिळून भाग फक्त १२. आपली 'तारक मेहता का उल्टा चश्मा' २८ जुलै २००८ ला सुरू झाली आणि चार हजार भाग ओलांडून गेली. मंदार चांदवडकरांचा भिडे मास्तर पाठमोरा असला तरी ओळखू येतो, जेठालालही येतो. पण जेठालालची बायको दया साकारणाऱ्या दिशा वकानी २०१७ मध्ये मालिकेतून गेल्या, तेव्हापासून दया माहेरीच आहे. गोंदियात भाऊबीजेला माहेरी गेलेली बाई फार तर नाटकं संपेपर्यंत थांबते. जिच्या आवाजावर अर्धं घर उभं होतं ती नाही, आणि मालिका मात्र आहे. हा विनोद नव्हे, सहनशक्ती आहे (मालिकेतल्या गोकुळधाम सोसायटीचे रहिवासी रागावतील, रागावोत).

गंमत अशी, की एका उत्तम विनोदी मालिकेचा सेट इकडे तयार उभा आहे आणि मुंबईहून कोणी बघायला आलेलं नाही. वडशाची एखादी नाटक कंपनी घ्या. मालकाला दरवर्षी तोटा होतो आणि दरवर्षी तो नवी गाडी घेतो. नायक पन्नाशीचा, भूमिका कॉलेजकुमाराची. खलनायक स्वभावानं गरीब, प्रवासात सगळ्यांचे डबे सांभाळणारा. नायिका नागपूरहून येते आणि चार महिने फक्त थंडीबद्दल बोलते. विनोदी नट स्टेजवरून उतरला की कोणाशी एक अक्षर बोलत नाही. दिवाळी ते होळी कोणाला निघून जाता येत नाही, कारण गावोगावचा इसार घेतलेला असतो. रोज नवं गाव, तीच माणसं, कालचंच भांडण. घोडं अडतं ते एका पात्रापाशी. प्रॉम्प्टरच्या भूमिकेला खरा प्रॉम्प्टरच हवा, हे सगळ्यांना मान्य आहे. पण कॅमेरा सुरू झाल्यावर त्याची वाक्यं त्याला कोण सांगणार, यावर मागच्या रांगेत अजून वाद चालू आहे.