पानिपतचे गलाईआबा

कुठल्याही मोठ्या गावच्या सराफा बाजारात जा, एखाद्या अरुंद जिन्याखाली विट्याकडचा नाहीतर आटपाडीकडचा माणूस मूस तापवत बसलेला सापडतोच. सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यानं देशभर गलाईवाले पाठवले. त्यातल्या पानिपतवाल्याला आपण आबा म्हणू.

आबांचं खरं काम गाळायचं. आगीनं आणि तेजाबानं भेसळ काढून सोनं वेगळं करायचं. पण शेजारचा कारागीर अडला की जोडकामही यांच्याच गळ्यात पडतं, कारण आबांना ‘नाही’ म्हणता येत नाही. खरसुंडीच्या चैत्री यात्रेचे दिवस सोडले तर ते कुठलंही काम अंगावर घेतात. “बघू की, लय अवघड न्हाई,” हे त्यांचं पालुपद. ते कानावर पडलं की भाचा मुकाट्यानं खिडकी उघडतो.

अशात एखादा पोरगा स्टीलचं कडं घेऊन उगवतो. “ताऊ, इसपै सोने का ॐ चेप दे.” आबा चष्मा कपाळावर चढवतात, कड्याला लोहचुंबक लावतात. चिकटला नाही की सुस्कारा टाकतात, “स्टेनलेस!”

मग भाच्यासाठी व्याख्यान. “सोनं, चांदी, तांबं मोकळ्या मनाची. टाकणखार लावला, ताप दिला की झाळ पळत सुटती. स्टील म्हंजे नवा जावई. वरनं चकचकीत, पण कुणाला जवळ येऊ देत न्हाई.”

आबांचं म्हणणं शास्त्राला धरूनच असतं. स्टेनलेसमध्ये निदान १०.५ टक्के क्रोमियम असतं आणि हवा लागताच त्याच्या ऑक्साइडचा न दिसणारा पापुद्रा धरतो. त्याच्यामुळे गंज लागत नाही आणि त्याच्यामुळेच झाळही धरत नाही. घासला तर पुन्हा येतो, तापवला तर जाड होतो. तिथं टाकणखार हात टेकतो, फ्लोराइडवाला फ्लक्स लागतो. त्याची वाफ विषारी, म्हणून ती खिडकी.

“घासलंस की लगीच फ्लक्स लाव, च्या प्यायला जाऊ नगंस! ताप कड्याला दे, सोन्याला न्हाई!” आबा ओरडत असतात. शुद्ध सोनं १०६४ अंशांना वितळतं, दागिन्यातलं बहुधा त्याच्याही आधी. जाडजूड कडं तापेपर्यंत ॐवरच्या चंद्रकोरीचा मणी झालेला असतो आणि झाळेची गोळी घरंगळून आबांच्या चपलेत.

दोन मिनिटं शांतता. मग आबा जणू पहिल्यापासून हेच ठरलं होतं अशा थाटात उदयपूरच्या कोफ्तगारांवर येतात. “ती माणसं तलवारीच्या मुठीवर सोनं झाळत बसत्यात व्हय? पोलादावर बारीक चरे पाडायचे, सोन्याची तार ठोकून बसवायची. पोलादाची मनधरणी करायची नसती, त्याला पकडायचं असतं.”

चंद्रकोर नव्यानं घडवली जाते. ॐच्या पाठीला सोन्याच्या दोन काड्या झाळल्या जातात, अगदी पहिल्याच फुंकरीत. कड्याला दोन भोकं पडतात, काड्या आरपार जातात आणि आतून ठोकून रिबिटासारख्या बसतात.

“पक्का झाळ है, बेटा. सात जनम नहीं निकलेगा,” आबा कडं पुसत सांगतात आणि झाळकामाचे पूर्ण पैसे मोजून घेतात. पोरगा खूश होऊन जातो.

भाचा नुसता बघत राहतो.

“काय बघतोस? झाळलंय की,” आबा म्हणतात. “कशाला काय झाळलं, त्यानं कुठं इचारलं?”