शून्य कराचा करदाता

आयकर भरणारा माणूस म्हणून चामोर्शीत माझा एक रुबाब होता. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे धानाच्या या मुलखात मोठमोठे मालगुजारी थाटाचे लोकही या एका बाबतीत माझ्या खाली. मी साधा निवृत्त मास्तर. पण 'आमच्यासारख्या करदात्यांच्या पैशावर' एवढे म्हटले की छाती आपोआप पुढे येई. 1 फेब्रुवारी 2025 ला अर्थमंत्र्यांनी 12 लाखांपर्यंत आयकर शून्य केला आणि छाती जागेवर आणली. वर पेन्शनवाल्याला 75 हजारांची प्रमाणित वजावट वेगळी. आमची ही म्हणाली, "आता रस्त्यावरचे खड्डे मोजणं बंद करा. ते तुमच्या पैशाचे राहिले नाहीत."

पैसा गेला तरी विद्या उरते, म्हणतात. माझी ऐंशी-सी होती. एलआयसी, पीपीएफ, पोरांच्या शाळेची फी, सगळे त्या एका कलमाच्या पदराखाली. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाला. 819 कलमांची 536 झाली आणि ऐंशी-सीची झाली 123. मागील वर्ष वेगळे आणि कर निर्धारण वर्ष वेगळे, हा घोळ समजावून सांगण्यात माझे कितीतरी चहा फुकट झाले होते. आता एकच 'कर वर्ष'. सरकारने कायदा सोपा केला तो असा माझ्या पोटावर पाय देऊन.

जीएसटी मात्र बिचारा अजून माझा मान राखून आहे. त्यातल्या सव्वीसाव्या किलोवर तर माझा फार जीव. झाले असे, की 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या छापील, बंद पिशवीतल्या तांदळावर 5 टक्के कर बसला. व्यापारी आपले हुशार. बाजारात 26 किलोचे कट्टे आले. एक किलो जास्त, कर गायब! म्हणजे पंचवीस किलो पोटासाठी आणि सव्वीसावा कायद्यासाठी. कट्टा उचलताना पाठीत कळ येते ती या शेवटच्या किलोची, अशी माझी खात्री आहे. पाहुणे आले की मी मुद्दाम सांगतो, "आज भात सव्वीसाव्यातला टाक." तोच तांदूळ दुकानदाराने पोत्यातून सुटा तोलून दिला, तरी कर नाही. तांदूळ तोच, धान आपल्याच बांधीतले, करपात्र काय तो शिवणीचा दोरा! महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत मी हे प्रवचन एका भाविकाला दिले. वैनगंगेत पाय धुऊन आलेला तो माणूस पुन्हा नदीकडे निघाला.

22 सप्टेंबर 2025 ला नवे दर आले, तेव्हा साबण, शाम्पू, टूथपेस्ट 18 वरून 5 वर आली. विडीच्या पानाचेही तेच, 18 चे 5. यंदाच्या अर्थसंकल्पाने तेंदूपत्त्यावर विक्रीच्या वेळी खरेदीदाराकडून घेतला जाणारा आयकरही 5 टक्क्यांवरून 2 वर आणला. तेंदूपत्ता म्हणजे आमच्या जिल्ह्याचा मे महिना. पाने गोळा होतात त्या फळीवर बसून मी हे सगळे आकड्यांसकट सांगितले. पहाटेपासून जंगलात पाने तोडून आलेली एक बाई पुडे बांधत होती. पानावर पान, देठाला देठ, मग वाकाची गाठ. हात न थांबवता तिने विचारले, "मंग आमच्या पुड्याच्या शेकड्याले किती वाढन जी, गुरुजी?"

नव्या कायद्यातली 536 कलमे मी डोक्यात फिरवून पाहिली. ठेकेदाराचे होते, व्यापाऱ्याचे होते, कारखान्याचे होते. तिच्या शेकड्याचे एकही नव्हते. मला राग आला, आणि तो नेमका कोणावर काढायचा हेही कुठल्या परिपत्रकात सापडले नाही. मी गप्प बसून तिला पाने जुळवून दिली. माझे पुडे तिने पुन्हा सोडून बांधले.

असो. तुमचे पगार-पेन्शनचे उत्पन्न 4 लाखांवर असेल, तर कर शून्य निघाला तरी विवरणपत्र 31 जुलैच्या आत भरा; नाहीतर उशिराचे शुल्क लागते. अडले तर विचारायला या. फी नाही, पण तांदळाचे ऐकावे लागेल.