हातोडा कुलपात ठेवण्याची शास्त्रोक्त पद्धत

जुनी जीप विकत घेतलेल्या गृहस्थाने घरातला सर्वांत मोठा हातोडा आधी अशा शेजाऱ्याकडे ठेवावा, जो मागितलेली वस्तू सहसा परत देत नाही. असा शेजारी प्रत्येक सोसायटीत असतो. बाकीची हत्यारे सवडीने जमवावीत.

महिंद्राने 1947 साली विलीस जीपची जुळणी सुरू केली. त्या घराण्यातल्या गाड्या आजही गोठ्यामागे, आंब्याखाली उभ्या सापडतात. विकणारा सांगतो, ‘चालू कंडिशन आहे, फक्त चाकं जाम आहेत.’ हे ‘फक्त’ पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरते.

चाकांच्या नटांपासून सुरुवात करावी. या जुन्या जीपच्या डाव्या, म्हणजे क्लीनरच्या बाजूच्या नटांचे आटे बहुधा उलटे असतात. स्टडच्या टोकावर इंग्रजी ‘एल’ अक्षर ठोकलेले असते, पण ते वाचणे हे पुरातत्त्व खात्याचे काम. तारेचा ब्रश मारून आधी पाहावे. न पाहता पान्याला लांब पाईप लावणारा वीर नट सोडवत नाही, आवळतो. स्टड तुटला की भोवती जमलेली मंडळी ‘माल जुना झाला हो’ असा निर्वाळा देतात. मंडळी जमतातच. त्यांना सल्ला देऊ द्यावा, पाना देऊ नये. आणि गाडी नुसत्या जॅकवर कधीही ठेवू नये. खाली स्टँड हवेत.

आता मागचा ड्रम. इथे ॲक्सलचे टोक निमुळते असते आणि त्यावर हब चावीसकट घट्ट बसवलेला असतो. मधल्या फटीत गंज शिरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे पागडीच्या भाडेकरूसारखा तो स्वतःहून निघणार नाही. स्प्लिट पिन काढावी (तुटते, तुटू द्यावी), ब्रेकचे ॲडजस्टर सैल करावेत, ॲक्सलचा नटही सैल करावा, पण तो पूर्ण काढू नये. ड्रम सुटतो तेव्हा उडतो, आणि त्याला अडवायला नडगीपेक्षा नट स्वस्त पडतो.

तेलाबाबत मतभेद आहेत. डब्ल्यूडी-40 हे 1953 साली अमेरिकेत तयार झाले ते मुळात पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. ॲटलास क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर ते वापरले गेले. क्षेपणास्त्र आंब्याखाली उभे नव्हते, एवढे ध्यानात ठेवावे. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचे तेल यांचे मिश्रण अनेकांना जास्त मानवते. मात्र ॲसिटोन भसकन पेटते, म्हणून त्याच दिवशी गॅसची नळी जवळ आणू नये.

पुलर हबच्या पाचही स्टडवर बसणारा घ्यावा. ड्रमच्या कडेला नख्या अडकवणारा घेतला तर हब जागेवर राहून कड हातात येते. पुलर आवळावा आणि जेवायला जावे. परत येऊन पाव फेरी द्यावी आणि वर्तमानपत्र वाचावे. हातोडा शेजाऱ्याकडे आहे तो याच घटकेसाठी. ॲक्सलच्या टोकावर घाव घातला की आटे चेपतातच, शिवाय धक्का बेरिंगपर्यंत आणि डिफरन्शियलमधल्या ठोकळ्यापर्यंत पोचतो. ड्रम मात्र जागचा हलत नाही.

तरीही नमले नाही तर गॅस. 50 मिलिमीटरचे भोक 200 अंशांनी तापवले की जेमतेम 0.12 मिलिमीटर फुगते, पण गंजाची पकड सुटायला तेवढे पुष्कळ. ज्योत हबवर फिरवावी, शाफ्टवर नाही. ऑइल सील जळेल, ते नवे घ्यावेच लागणार होते. ग्रीस पेटेल, म्हणून वाळूची बादली हाताशी हवी.

बहुतेक वेळा हे सारे करूनही काही होत नाही. पुलर ताणलेलाच ठेवून झोपावे. मध्यरात्री केव्हातरी प्रचंड ‘धाड्’ होते आणि अख्खी इमारत जागी होते. उद्या खुलासा करू, असे खिडकीतूनच सांगावे.

सकाळी ड्रम ओढून काढावा. आत ब्रेक लायनरची धूळ असते. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून फुंकर मारू नये, ओल्या फडक्याने पुसावी. धुळीखाली व्हील सिलिंडर दिसतो. तोही जाम असतो.