बिनलेबली बियाण्याचे शास्त्र

बियाण्यावरील बौद्धिक संपदा, म्हणजे नवे वाण घडवणाऱ्याच्या बुद्धीला कायद्याने बहाल केलेली मालकी, हा विषय कितीही गहन असला, तरी पूर्णा तालुक्यातील चुडावा येथे तो पोत्यावरच्या लेबलापाशी येऊन अडतो.

पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ यातील कलम ३९ मोठे उदार आहे. संरक्षित वाणाचेही बियाणे शेतकऱ्याने राखावे, पेरावे, वाटावे, इतकेच नव्हे तर विकावे. फक्त ते 'ब्रँडेड' नसावे, म्हणजे वाण संरक्षित असल्याचे दर्शवणारे लेबल पिशवीवर नसावे. सोयाबीन स्वपरागी, म्हणजे बहुधा आपल्याच फुलातील परागाने फळणारे, असल्यामुळे घरच्या बियाण्यातही वाणाचे गुण टिकतात. चुडाव्याच्या शेतकऱ्याने ते चाळले, ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळले आणि ऐंशी कोंब मोजले, म्हणजे प्रमाणित बियाण्याची ७० टक्के उगवणीची किमान अट ओलांडली, तरी विकताना त्याने मौन पाळावे.

या लेबलाच्या स्वरूपाविषयी विद्वानांनी पुरेसे चिंतन केलेले दिसत नाही. कोळशाने पोत्यावर ओढलेली अक्षरे लेबल ठरतात काय. ठरत असल्यास, प्रत्येक वाणाचे पोते वेगळ्या रंगाच्या सुतळीने शिवले आणि रंगांचा अर्थ गावाला पाठ असला, तर सुतळीवर कारवाई करावी काय. आणि गिऱ्हाइकाच्या कानात नाव सांगितल्यास तो कान पिशवी समजून जप्त करावा काय, हे प्रश्न अनुत्तरित आहेत. त्यात कलम ४२ असे म्हणते की, हक्काचे उल्लंघन करताना ज्या शेतकऱ्याला त्या हक्काची जाणीवच नव्हती, त्याचे कृत्य उल्लंघन मानू नये. तेव्हा सर्वांत सुरक्षित शेतकरी तो, ज्याला आपल्या रानात काय उगवले आहे हेच ठाऊक नाही, आणि या न्यायाने कृषिविस्तार, म्हणजे बांधापर्यंत ज्ञान पोचवण्याचे कार्य, हे शेतकऱ्याचे कायदेशीर संरक्षण हिरावून घेणारे कृत्य ठरते, म्हणून शेतकरी मेळाव्याच्या मांडवाबाहेर वकील बसवणे इष्ट.

आता लेबल लावण्याचा अधिकार ज्याला आहे, त्याची चकचकीत पिशवी पाहावी. जूनमध्ये ती उगवली नाही की पेरणी खोल झाली, ओल कमी होती, बैल वाकडा चालला. दाणा तेवढा निर्दोष! हा शुद्ध निर्लज्जपणा आहे, आणि दुबार पेरणीचे पैसे मात्र सावकाराकडून शेतकऱ्यानेच आणायचे. कलम ३९ मध्येच भरपाईची तरतूद आहे: पैदासकाराने, म्हणजे वाण घडवणाऱ्याने, 'दिलेल्या परिस्थितीत' वाण काय उत्पन्न देईल हे सांगावे आणि ते न दिल्यास शेतकऱ्याने भरपाई मागावी, पण चुडाव्याचे आभाळ ती परिस्थिती वाचून बरसत नाही. शिवाय तक्रारीसाठी पुरावा हवा, म्हणून बिल, रिकामी पिशवी आणि तिच्यावरचे लेबल पीक निघेपर्यंत जपून ठेवावे, असे शेतकऱ्याला दर हंगामात बजावले जाते. ज्याला स्वतःच्या पोत्यावर नाव लिहिता येत नाही, त्याने दुसऱ्याचे लेबल चार महिने उंदरांपासून राखायचे असते.