अहिंसक शस्त्रागार

मिशिगन राज्यातील ग्लॅडस्टन येथे वेब्स्टर मार्बल यांच्या कारखान्यात, चामड्याच्या चकत्या एकावर एक ओवून केलेल्या मुठीची जी शिकारी सुरी विसाव्या शतकाच्या आरंभी हरणे सोलण्यासाठी घडविली गेली, तिला आजचे अमेरिकन संग्राहक सहाणेचा स्पर्शही होऊ देत नाहीत, ही भूतदया वंदनीय होय. धार लावली की पाते झिजते, आणि पाते झिजले की भाव उतरतो. अशी सुरी एखाद्या बंदुकीच्या मोबदल्यात देऊन टाकावी, तहहयात हळहळावे आणि अखेर तिप्पट दामाने तीच परत घ्यावी, हे तर व्रताचे उद्यापनच. सरकारने शिकारीचे परवाने यापुढे केवळ संग्राहकांनाच द्यावेत. हरणांची हरकत नसावी. परत आलेल्या सुरीचे पार्सल फोडण्यासाठी मात्र स्वयंपाकघरातून भाजीची सुरी मागविली जाते. तिला, अर्थात, उत्तम धार असते.