नमनाला वीस कोटी डॉलरचं तेल

सिनेमा आपटला की आधी आरोपी शोधतात, आणि तो शक्यतो उलट बोलू न शकणारा असावा असं बघतात. 'जोकर : फोली आ दू'च्या खटल्यात ही पाळी गाण्यांवर आली. इतक्या काळ्याकुट्ट खलनायकाच्या गोष्टीत गाणी घालायची दुर्बुद्धी झाली नसती तर सगळं सुरळीत होतं, असा निकाल ऑक्टोबर 2024मध्येच लागून गेला. नुकसान मोठं होतं हे खरं. 2019च्या 'जोकर'नं व्हेनिसला सुवर्णसिंह मिळवला, वाकिन फिनिक्सला ऑस्कर मिळवून दिलं आणि जगभरात शंभर कोटी डॉलरच्या वर गल्ला केला. दुसऱ्या भागावर पहिल्याच्या खर्चाच्या कितीतरी पट, जवळपास वीस कोटी डॉलर ओतले गेले. पहिल्यानं अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत साडेनऊ कोटींहून जास्त कमावले होते. दुसऱ्याची गाडी चार कोटींच्या अलीकडेच थांबली आणि पुढच्या शनिवार-रविवारी कमाई 81 टक्क्यांनी घसरली. थिएटरातून बाहेर पडणाऱ्यांना मार्क विचारणाऱ्या सिनेमास्कोरच्या पाहणीत त्याला 'डी' मिळाला. कॉमिक्सवरच्या सिनेमाला इतका खालचा शेरा त्याआधी कधी मिळाला नव्हता. भारतात तो दोन दिवस आधी, गांधीजयंतीच्या मुहूर्तावर आला आणि त्या दिवसाची आब राखून तिकीटबारीला त्यानं अहिंसक वागणूक दिली.

पण गाण्यांवरचा आरोप पुराव्याला टिकत नाही. खून, तुरुंग, कोर्ट आणि आरोपीच्या डोक्यात वाजणारी गाणी, एवढाच ऐवज घेऊन 'शिकागो'नं 2002 सालासाठीची सहा ऑस्कर उचलली, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही होतं. 'डान्सर इन द डार्क'मध्ये दृष्टी जात चाललेली कामगार बाई गाण्यांच्या आधारानं जगते आणि शेवटी फासावर जाते. त्याला 2000 साली कानमध्ये सर्वोच्च पुरस्कार मिळाला. आणि मराठी माणसानं तर हा आक्षेप घेऊच नये. 'एकच प्याला' 1919चं. दारूपायी संसाराची राखरांगोळी होते, फाटक्या लुगड्यातली सिंधू गाते, आणि त्या गाण्यानं दुःख हलकं झालं अशी तक्रार शंभर वर्षांत कुणी केलेली नाही. विषय काळा असला की गाणं विटाळतं, हे शास्त्र कुठल्या पोथीतलं आहे ते सांगणाऱ्यांनाच ठाऊक.

प्रश्न गाणं काय काम करतं हा आहे. संगीत नाटकात गद्य जिथं अपुरं पडतं तिथं पद सुरू होतं. इथं गद्य सुरू व्हायच्या आतच पद येतं. आर्थर, म्हणजे फिनिक्सचा जोकर, आर्कम इस्पितळाच्या कोठडीत आहे, पहारेकरी त्याला आज काही विनोद आहे का विचारतात आणि त्याच्याकडे विनोद नसतो. सिनेमाबद्दलची सूचना इतक्या प्रामाणिकपणे फारच थोडे दिग्दर्शक देतात. मग ली (लेडी गागा) भेटते, प्रेम जडतं, आणि दोघं जुनी लोकप्रिय अमेरिकन गाणी गाऊ लागतात. आर्थरला प्रेम झालंय हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलेलं असतं. गाणं तेच पुन्हा सांगतं, पुढचं गाणं त्याला दुजोरा देतं. कथा तोवर फलाटावर बॅग घेऊन उभी. शिवाय गायचंच तर उघडपणे गा! पण लेडी गागानं स्वतः व्हेनिसमध्ये सांगून टाकलं की याला म्युझिकल म्हणावं असं तिला काही वाटत नाही. बराच वेळ तिला दबक्या, फुटक्या आवाजात गायला लावलं आहे. बालगंधर्वांना मानधन देऊन विंगेत प्रॉम्प्टिंगला बसवावं, तसा हा व्यवहार.

गंमत अशी की पहिला सिनेमाच यापेक्षा चांगली संगीतिका होता. मेट्रोत तीन खून करून आर्थर एका कळकट सार्वजनिक संडासात शिरतो, दार लावून घेतो आणि हळूहळू हात पसरून नाचू लागतो. लिहिलेल्या प्रसंगात हे नव्हतं. हिल्डर गुडनाडोटिरची चेलोची धून सेटवर वाजवली आणि फिनिक्सचं शरीर हललं. एकही शब्द नाही, पण एक माणूस संपून दुसरा सुरू झाल्याचं दिसतं. त्यानंतर ब्रॉन्क्सच्या पायऱ्यांवर उतरताना तो नाचतो, तेव्हा खुन्याच्या ठेक्यावर आपलाही पाय हलतो आणि मग स्वतःचीच थोडी लाज वाटते.

दिग्दर्शक टॉड फिलिप्सच्या बाजूनं बोलणारे इथंच उसळतात. त्यांचं म्हणणं, दुसरा भाग मुद्दाम असा केला आहे: ज्यांनी एका आजारी खुन्याला डोक्यावर घेतलं त्यांची नशा उतरवायची होती, म्हणून सूर कच्चे आणि शेवट निराश. युक्तिवाद चांगला आहे, खोटाही नाही. भर कोर्टात आर्थर 'जोकर' असा कुणी नाहीच असं कबूल करतो आणि ली उठून चालती होते. तिचं प्रेम वेशभूषेवर होतं. पण उतारा द्यायचा तर आधी प्याला पाजावा लागतो. गाण्यांनी एकदा तरी आपल्याला त्या दोघांच्या वेडात ओढलं असतं, तर बाहेर फेकल्याचा धक्का बसला असता. हा सिनेमा पहिल्या मिनिटापासून ताक पाजतो आणि दोन तास अठरा मिनिटांनी विचारतो, उतरली का? उरलेला वेळ कोर्टात पहिल्या सिनेमाची उजळणी करण्यात जातो. साक्षीदार येऊन आपण आधीच पाहिलेलं सांगून जातात. कंटाळा हेतुपुरस्सर आणला म्हणून तो कमी कंटाळवाणा होत नाही.

नाही म्हणायला त्याच कोर्टात एक प्रसंग आहे. रंग फासून, स्वतःचाच वकील बनून आर्थर जुना सहकारी गॅरी पडल्सची उलटतपासणी घेतो. ठेंगणा गॅरी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसून सांगतो की पहिल्या सिनेमात डोळ्यांदेखत झालेल्या खुनानंतर त्याला झोप नाही, काम जमत नाही, आणि मला कधीच न हसणारा एकटा तूच होतास. तिथं गाणं नाही. रंगाखालचा चेहरा क्षणभर काय करावं हे विसरतो.

शेवटाकडे आर्थर पळत पहिल्या सिनेमातल्या त्याच पायऱ्यांवर येतो. ली तिथं भेटते आणि गायला लागते. तो अजिजीनं सांगतो, आता गाऊ नकोस, नुसतं बोल माझ्याशी. ती गातच राहते.