सातबारा असल्यास जोडावा

आमच्या बिल्डिंगमधले तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ सध्या सातबाऱ्याच्या मागे आहेत. जमीन विकायची नाही, पीककर्ज काढायचं नाही, भावाशी कोर्टकज्जा नाही (अजून). त्यांच्या मुलीला लीड्सला जायचंय. लीड्समध्ये तिचा मित्र राहतो. मित्र म्हणजे कसला मित्र, ते तुम्हाला कळलं, मला कळलं, वॉचमनला तर दिवाळीतच कळलं होतं. तिसऱ्या मजल्यावर मात्र त्याचा उल्लेख अजून ‘ऑनलाइन कोर्समधला सहाध्यायी’ असाच होतो. या सहाध्यायाला तीन आठवडे भेटून यायचं तर ब्रिटनचा व्हिसा हवा, व्हिसासाठी डेक्कनवरचा एजंट हवा, आणि त्या एजंटाने दिलेल्या कागदांच्या यादीत बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, ऑफिसचं रजा मंजूर केल्याचं पत्र यांच्या खाली एक ओळ आहे : सातबारा असल्यास जोडावा.

एजंट म्हणतो, वाटा तशा पुष्कळ आहेत, तुम्ही फक्त बोट ठेवा. पहिली वाट साध्या पाहुण्याची. मुक्काम सहा महिन्यांपर्यंत, फी २०२५च्या एप्रिलमधल्या दराने १२७ पौंड. इथे सिद्ध काय करायचं, तर मी याला भेटेन, आणि ठरल्या तारखेला याला तिथेच टाकून निमूट परत येईन. दुसरी वाट लग्नाळू पाहुण्याची. म्हणजे तिथे जायचं, लग्न लावायचं, आणि सहा महिन्यांच्या आत नवऱ्याला तिथेच ठेवून घरी परतायचं. असा व्हिसा खरोखर आहे, मी गंमत करत नाहीये. तिसरी वाट वाग्दत्त वधूची. सहा महिन्यांत लग्न करायचं, तोवर नोकरी-धंदा करायचा नाही, फी २०२५च्या दराने १,९३८ पौंड, आणि इथे मात्र नेमकं उलटं सिद्ध करायचं : मी याच्यावाचून राहूच शकत नाही. शिवाय मुलाची कमाई वर्षाला २९ हजार पौंड हवी. २०२४च्या एप्रिलपर्यंत १८,६०० पौंडांत प्रेम बसत होतं, मग एका रात्रीत महागलं. कमाईवाचून नुसत्या शिलकीवर भागवायचं तर ८८,५०० पौंड शिल्लक दाखवा, तीही सहा महिने हात न लावलेली. लीड्सवाला एका वाचनालयात अर्धवेळ नोकरी करतो. हा आकडा ऐकून तो म्हणे खो खो हसला. इंग्रज माणूस असा हसतो तेव्हा परिस्थिती गंभीर असते.

‘मग तोच का नाही येत इकडे?’ असं चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं. आला होता की, दिवाळीत. घरबसल्या ई-व्हिसा मिळाला त्याला. आपला फॉर्मही काही कमी नाही, आजी-आजोबा पाकिस्तानचे होते का विचारतो आणि अंगावरची दिसणारी ओळखखूण विचारतो. याने ‘हनुवटीवर तीळ’ लिहिलं आणि सुटला. परदेशी माणूस घरी उतरला तर चोवीस तासांत फॉर्म भरून सरकारला कळवावं लागतं, म्हणून तिसऱ्या मजल्याने त्याला हॉटेलात ठेवलं आणि आम्हाला कारण सांगितलं पाणीटंचाईचं.

तर शेवटी पहिलीच वाट धरली. आता कागद. पहिल्या आणि तिसऱ्या वाटेचे कागद तेच, फक्त चळत उलटी. दिवाळीत गच्चीवर काढलेला एक फोटो आहे, लीड्सवाल्याच्या हातात चकली आणि दुसरा हात मुलीच्या खांद्यावर. वाग्दत्त वधूच्या फायलीत हा फोटो सगळ्यात वर लागला असता. पाहुण्याच्या फायलीतून एजंटाने तो दोन बोटांच्या चिमटीत धरून बाहेर काढला. ‘यात जवळीक फार दिसते,’ म्हणाला. ‘व्हिसावाल्या साहेबाला वाटेल ही परत यायची नाही. दुसरा नाही का, लांब उभे असलेला?’ मुलीने शोधून एक काढला. त्यात दोघं सिंहगडावर पिठल्याच्या दोन टोकांना बसलेत आणि दोघांचीही तोंडं आंबट आहेत. एजंट खूश. ‘हा लावा. मैत्री वाटते.’

आता सहाध्यायाला विसरून परत यायला मुलीकडे कारण हवं. कारणाचा पुरावा हवा. आणि मुलगी अविवाहित, नोकरी नवी, पदरी पोर नाही, डोक्यावर गृहकर्ज नाही. साहेबाच्या दृष्टीने असली तरुण मुलगी म्हणजे विमानात बसलेला संशय. नकार आला तर दाद मागायची सोय नाही. नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्यांना अपिलाचा हक्क होता, तोही २०१३ साली काढून घेतला. मग काय, पुन्हा फी भरा आणि पुन्हा, थोडं कमी प्रेम करून दाखवा. अशा वेळी मराठी माणसाला वाचवणार कोण? सातबारा.

तिसऱ्या मजल्याने पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा काढला आणि मला दाखवायला आणला. मी तो चष्मा लावून वाचला, कारण हा कागद लीड्सवाल्याच्या विरोधात साक्ष देणार आहे. क्षेत्र बावीस गुंठे. त्यात पोटखराबा तीन गुंठे, म्हणजे ओढा आणि मुरूम. राहिली एकोणीस गुंठ्यांची माया. जिरायत. सामाईक विहिरीत चौथा हिस्सा, विहिरीत पाणी जानेवारीपर्यंत. पीकपाहणीत सोयाबीन, त्याच्या मागच्या वर्षी नुसतंच ‘पड’. त्या पडीच्या वर्षी मुलीचा मायभूमीशी असलेला संबंध कमी झाला होता का, हे साहेब कशावरून ठरवणार? इतर हक्कात विकास सोसायटीचा बोजा, एक लाख ऐंशी हजार. यावर एजंट आणि तिसरा मजला यांच्यात अर्धा तास वाद झाला. एजंटाचं म्हणणं, बोजा दिसला तर साहेब म्हणणार कर्ज बुडवून पळाली. तिसऱ्या मजल्याचं म्हणणं, कर्ज आहे म्हणजे फेडायला परत येईलच. दोघांपैकी एकालाही सोसायटीच्या कर्जाचा अनुभव नसावा. मी नुसतं चित्र डोळ्यांपुढे आणतो. कुठल्याशा टेबलाशी एक अधिकारी बसलाय. डावीकडे तीन वर्षांचं प्रेम, रात्री दोन-दोन वाजेपर्यंतचे व्हिडिओ कॉल, हनुवटीवरचा तीळ. उजवीकडे एकोणीस गुंठे सोयाबीन. आणि तो गंभीरपणे, कोणती शक्यता जास्त ते तोलून, ठरवतोय की ही मुलगी सोयाबीनच्या ओढीने परत येईल. अहो, सातबाऱ्यासाठी परदेशातून परत आलेला मराठी माणूस मी एकाच प्रकारचा पाहिलाय. ज्याला तो विकायचा होता.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग मी विचारलं, ‘यात मुलीचं नाव कुठाय?’

नाही. मुलीचं नाव त्यावर नाहीच. खातेदार दोन, तिसरा मजला आणि गावचे त्यांचे धाकटे भाऊ, क्षेत्र सामाईक. त्यांच्या वर मात्र तीन नावं होती, तिन्ही कंसात. तीन आत्या. आजोबा गेल्यावर वारस म्हणून सगळ्यांची नावं लागली, आणि वर्षश्राद्धाच्या आत बहिणींच्या नावांना कंस झाला. कसा झाला तेही तिसऱ्या मजल्याने मला अभिमानाने सांगितलं. तिघींना गाडी करून तालुक्याला दुय्यम निबंधकाकडे नेलं, हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या, येताना रसवंतीवर आलं-लिंबू घालून रस पाजला. थोरलीने विचारलं होतं, ‘काय लिहिलंय रे यात?’ ‘काही नाही ताई, नुसती पद्धत असते.’ पुढच्या भाऊबीजेला तिघींना सारख्या साड्या.

ही पद्धत. मला या पद्धतीचा संताप येतो, आणि सदर विनोदी आहे म्हणून तो मी गिळणार नाही. महाराष्ट्राने १९९४ साली कायदा करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने बसवलं, केंद्राला तेच करायला २००५ उजाडलं. आम्ही पुरोगामी, आम्ही आधी. आणि मग घरोघर आम्ही काय केलं? ज्या बहिणीला कायद्याने वाटा दिला, तिच्याकडून तो सोडल्याची सही घेतली. राजीखुशीने! प्रत्येक हक्कसोडपत्रात ‘कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने’ असं लिहिलेलं असतं आणि प्रत्येक बहिणीला पक्कं ठाऊक असतं की सही केली नाही तर माहेरचं दार बंद. बाळंतपणाला नाही, सणाला नाही, आई आजारी पडली तर फोनसुद्धा नाही. जी सही करत नाही तिला गाव काय म्हणतं, ते इथे छापता येणार नाही. वाटणी मागणारा भाऊ हिशेबी आणि वाटणी मागणारी बहीण हावरट. लाखो बायकांची नावं या राज्यातल्या उताऱ्यांवर कंसात कोंडलेली आहेत, आणि त्या कंसाला आम्ही माहेरची माया म्हणतो. आणि आता त्याच घरातल्या पोरीने सातासमुद्रापलीकडच्या साहेबाला पटवून द्यायचं की साहेब, माझी मुळं इथे घट्ट रुजलेली आहेत, हा बघा कागद! साहेब येडा असेल, पण कंस त्यालाही दिसतो.

असो. एजंटाला असल्या तात्त्विक अडचणी नसतात. ‘मुलीचं नाव लावून घ्या की,’ तो म्हणाला. तिसऱ्या मजल्याने गावी धाकट्या भावाला फोन लावला, स्पीकरवर, मी समोर होतो.

‘पोरीचं नाव लावायचं म्हणतोय उताऱ्यावर. व्हिसापुरतं.’

पलीकडे बराच वेळ नुसता ट्रॅक्टरचा आवाज. मग : ‘दादा, तुमची तब्येत बरी हाय ना?’

तब्येत बरी आहे म्हटल्यावर काकांनी नियमावली सांगितली. नाव लावायचं म्हणजे फेरफार धरावा लागेल, नोटीस निघेल, पंधरा दिवस हरकतीला जातील, मग मंडळ अधिकारी मंजूर करणार. आणि आज तुमच्या पोरीचं लागलं की उद्या माझ्या दोघी म्हणतील आमचं लावा. परवा तिन्ही आत्या कंस फोडून बाहेर येतील. ‘एवढ्याशा जमिनीत किती बायका बसवायच्या, दादा?’

दादा गप्प. हा प्रश्न त्यांना पूर्वी कधी पडलाच नव्हता, कारण उत्तर त्यांनीच देऊन ठेवलं होतं.

पण काका वाईट माणूस नाहीत. पुतणीवर जीव आहे त्यांचा, लहानपणी तिला खांद्यावर बसवून जत्रेला नेलंय. दोन दिवसांनी त्यांनीच तोड काढली. नाव लावायला हरकत नाही, मात्र पुतणीने आधी लिहून द्यायचं की लीड्सहून आल्यापासून आठ दिवसांत तालुक्याला हजर राहून ती हक्कसोडपत्रावर सही करेल. तालुक्याच्या वकिलाकडून त्यांनी मसुदाही करून पाठवला, पाचशेच्या स्टँपवर. त्यात परतीची तारीख आहे. विमानाचा नंबर आहे. ‘सदर तारखेस न परतल्यास काका स्वखर्चाने व सर्व कायदेशीर मार्गांनी तिला परत आणण्याचा प्रयत्न करतील’ असंही एक कलम आहे, ते काकांनी स्वतः सांगून घालायला लावलं म्हणे.

मुलीने मसुदा वाचला, काही बोलली नाही, आणि व्हॉट्सॲपवर लीड्सला पाठवला. एजंटाने मात्र तो दोनदा वाचला. फाइल उघडली, सिंहगडाचा फोटो खाली सरकवला, सातबारा काढून तिसऱ्या मजल्याच्या हातात परत दिला. हा नको आता, म्हणाला, फेरफारही नको, नुसता मसुदा पुरे. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण एखादी मुलगी परत यावी म्हणून इतकं जिवाच्या आकांताने कोणी वाट बघत असल्याचा कागद त्याच्या टेबलावर आजवर आला नव्हता. त्याने तो सगळ्यात वर लावला, पेन उघडलं आणि अर्जासोबतच्या पत्रात ‘मायदेशी परतण्याचं कारण’ या शीर्षकाखाली वाक्य लिहायला सुरुवात केली : अर्जदारास आपला हक्क सोडण्यासाठी भारतात परत येणे आवश्यक आहे.